लाकडी स्मृतिस्तंभ आणि त्यांची बोली: संग्रहालयात आणण्याआधी, आणताना आणि आणल्यावर

खांब गावाकडून येतो. दुसऱ्या दिवशी तो पाण्याने धुतला जातो, तिसऱ्या दिवशी त्यावर चकचकीत व्हार्निशचा हात फिरतो, आठवड्याभरात सिमेंटच्या चौथऱ्यात गाडला जातो आणि शेजारी पाटी लागते: 'आदिवासी स्मृतिस्तंभ, सागवान.' त्यावर कोरलेला घोडेस्वार कोण, खांब कुणाच्या नावाने बसवला, त्या वेळी काय म्हटलं गेलं, हे विचारायची आठवण कुणाला तरी दोन वर्षांनी होते. तोवर सांगणारी आजी गेलेली असते.

कॉलेजांची छोटी संग्रहालयं, आश्रमशाळांचे संग्रह, संस्थांची सांस्कृतिक दालनं, सगळीकडे हाच क्रम दिसतो आणि तो पूर्ण उलटा आहे. आधी माणसं, मग आवाज, मग छायाचित्रं आणि सगळ्यात शेवटी लाकडाला हात, असा क्रम हवा. खांब आणि त्याच्याबद्दलची बोली ही एकच वस्तू आहे असं धरून चाललं, तर पुढचे बहुतेक निर्णय सोपे होतात.

उदाहरण म्हणून मेळघाटातल्या कोरकू आदिवासींचे सागवानी स्मृतिखांब घेतले आहेत. मृतासाठी करायच्या सिडोली विधीशी जोडलेला हा कोरीव खांब 'मुंडा' म्हणून ओळखला जातो, पण तुमच्या गावात जे नाव चालतं तेच नोंदवहीत लिहा. गडचिरोली, नंदुरबार किंवा पालघरकडच्या खांबांनाही हीच पद्धत लागू पडते, फक्त विचारायची माणसं बदलतात.

## टप्पा १: खांब हलवायचाच आहे का, हे ठरवा

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर हैडा लोकांचं स्गांग ग्वाय हे जुनं गाव आहे. तिथले सीडर लाकडाचे टोटेम खांब (कुळाची चिन्हं कोरलेले उंच खांब) १९८१ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. तरीही ते उघड्यावर, जागच्या जागी उभे आहेत आणि हळूहळू झिजत आहेत. खांबाने शेवटी मातीला मिळावं, ही हैडांची भूमिका आहे. याउलट कॅनडातल्याच हाइस्ला लोकांचा ग्प्सगोलॉक्स खांब १९२९ मध्ये स्वीडनला नेला गेला आणि तो घरी परत यायला २००६ साल उजाडलं. परतीच्या काळात हाइस्ला कारागिरांनी तसाच नवा खांब कोरून स्टॉकहोमच्या संग्रहालयाला दिला.

आपल्याकडेही हे तीनच पर्याय असतात: जागेवर ठेवून नोंद करणं, कारागिराकडून संग्रहालयासाठी नवा खांब कोरून घेणं, किंवा मूळ खांब आणणं. माझं स्पष्ट मत असं की पहिले दोन पर्याय खरोखर बंद झाल्याशिवाय तिसऱ्याकडे वळूच नये. नवा खांब कोरून घेतला तर कारागिराला काम आणि मोबदला मिळतो. शिवाय झाड निवडण्यापासून शेवटच्या घावापर्यंतची सगळी बोली, हत्यारांची नावं, घावांची नावं, लाकडाच्या गुणदोषांचे शब्द, तुमच्या ध्वनिमुद्रणात येतात. जुना खांब हे देऊ शकत नाही. असा खांब विधीचा नसून संग्रहालयासाठी केलेला आहे, एवढं मात्र पाटीवर आणि नोंदीत स्वच्छ लिहा.

मूळ खांब आणायचा तो तीनच कारणांनी: कुटुंबाने आपणहून देऊ केला आहे, जागा रस्त्याखाली किंवा पाण्याखाली जाणार आहे, किंवा चोरीचा धोका आहे.

सावध: वारली, कोकणा आणि महादेव कोळी वस्त्यांमधले वाघदेवाचे लाकडी खांब हे पूजेतले देव आहेत. वाघबारशीला तिथे नैवेद्य दाखवतात. शेंदूर फिका पडला किंवा खांब कलला म्हणजे देव सोडून दिला, असा अर्थ काढू नका. असा खांब आणण्याचा विचारच करू नये.

## टप्पा २: परवानगी, तीही चार ठिकाणची

फक्त सरपंचाची सही घेऊन काम सुरू करणं ही सगळ्यात जास्त घडणारी चूक आहे. क्रम असा ठेवा.

1. कुटुंब. ज्याच्या नावाचा खांब आहे त्याचे वारस कोण, हे गावातच विचारून काढा. एक भाऊ हो म्हणाला आणि दुसरा सुरतला किंवा पुण्याला कामाला गेला असेल, तर त्याला फोन लावा. त्याचंही म्हणणं नोंदवा.
2. भूमका (कोरकूंचा गावपुजारी) आणि गावातली जाणती माणसं. खांब काढताना काही करावं लागतं का, कोणत्या दिवशी हात लावू नये, बायकांनी की पुरुषांनी उचलायचा, हे त्यांच्याकडून समजून घ्या.
3. ग्रामसभा. धारणी आणि चिखलदरा हे तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६ च्या पेसा कायद्याने (अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींसाठीचा कायदा) परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. राज्याचे त्यासाठीचे नियम २०१४ मध्ये आले. त्यामुळे ठराव हवा, तोही नुसता 'परवानगी दिली' असा नको. खांब देणगी म्हणून दिला की ठेवायला, किती वर्षांसाठी, परत मागितला तर किती दिवसांत द्यायचा, हे सगळं ठरावात यायला हवं.
4. वनविभाग. जुना का होईना, तो साग आहे. कागद नसेल तर नाक्यावर गाडी अडणारच. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे आधी अर्ज करून वाहतुकीचा परवाना किंवा लेखी पत्र घ्या. जागा व्याघ्रप्रकल्पाच्या हद्दीत असेल तर आत जाण्याची परवानगी वेगळी लागते. खांब शंभर वर्षांहून जुना असण्याची शक्यता असेल तर राज्य पुरातत्त्व विभागालाही आधीच कळवा.

बोलीच्या नोंदीची संमती खांबाच्या संमतीपासून वेगळी घ्या. एकाच कागदावर 'सर्व हक्क संस्थेकडे' लिहून अंगठा घेणं अन्याय आहे. पाच प्रश्न स्वतंत्रपणे विचारा: आवाज जपून ठेवायचा का? संग्रहालयात ऐकवायचा का? इंटरनेटवर टाकायचा का? पाठ्यपुस्तकात किंवा संगणकाला भाषा शिकवायला वापरायचा का? नाव लावायचं का? प्रत्येकाला वेगळं 'हो' किंवा 'नाही' आलं पाहिजे. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाकडून तोंडी संमती घ्यायची असेल तर प्रश्न त्याच्या बोलीत विचारा आणि प्रश्नोत्तरं मुद्रित करा.

तपासा: संमती मागे घ्यायची असेल तर कुणाला फोन करायचा, हे कुटुंबाला माहीत आहे का? नसेल तर हा टप्पा पूर्ण झालेला नाही.

## टप्पा ३: आवाजाची नोंद, खांबाजवळच

हे काम खांब जागेवर असतानाच करा. दालनात आणलेल्या खांबासमोर बसवलं की माणूस पाहुण्यासारखं बोलतो. आपल्या जागेवर, शेजारच्या खांबांकडे बोट दाखवत तो मोकळा होतो.

तयारी. साधा डिजिटल रेकॉर्डर, कॉलरला लावायचा माइक, त्यावर वाऱ्यासाठी केसाळ टोपी, कानाला हेडफोन, जास्तीचे सेल आणि दोन मेमरी कार्डं. नोंद वेव्ह प्रकारात (यात आवाज दाबून लहान केला जात नाही), ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट ठेवा. रेकॉर्डर नसेल तर मोबाइलही चालेल, पण वेव्ह देणारं ॲप वापरा आणि फोन विमान मोडवर टाका. व्हॉट्सॲपवर आवाज मागवू नका. तिथे तो दाबून लहान केला जातो आणि बारीक उच्चार कायमचे गळतात.

क्रम.

1. आधी अर्धा मिनिट मुद्रण करा, हेडफोनने ऐका. पंखा, जनरेटर किंवा कोंबड्या जास्त ऐकू येत असतील तर जागा बदला.
2. मुख्य मुद्रणाच्या सुरुवातीला तारीख, गाव, बोलणारी व्यक्ती, भाषा आणि संमती मोठ्याने सांगा. फाइलचं नाव हरवलं तरी ओळख आवाजातच राहते.
3. दहा सेकंद कुणीच बोलू नका. पुढे आवाज स्वच्छ करताना ही शांतता कामाला येते.
4. पहिलं कथन अडवू नका. कोरकूत सुरू झालं तर कोरकूतच पूर्ण होऊ द्या. मध्येच 'म्हणजे मराठीत काय?' विचारलं की सांगणारा मराठीत घसरतो आणि परत जात नाही.
5. मग खांबावर बोट ठेवून विचारा. सूर्य, चंद्र, घोडा, स्वार, लगाम, कडेची नक्षी, प्रत्येकावर बोट, प्रत्येकाचं नाव, आणि त्या नावाचं एक पूर्ण वाक्य. हा भाग व्हिडिओत घ्या, कारण 'हे' आणि 'ते' नुसत्या आवाजात कळत नाही.
6. शेवटी अर्थ सांगायला गावातलाच दोन्ही भाषा येणारा तरुण घ्या. तो मुद्रण ऐकत, थांबवत, मराठीत सांगेल आणि तेही वेगळं मुद्रित होईल.

फक्त शब्दांच्या याद्या गोळा करणारे बरेच जण असतात. कोरकूत एकवचन, द्विवचन आणि अनेकवचन असे तीन प्रकार आहेत. 'माणूस', 'झाड', 'घोडा' एवढंच विचारून आलात तर दोन घोड्यांबद्दल बोलताना काय होतं, हे तुमच्या संग्रहात कधीच येणार नाही. म्हणून वाक्यं, गोष्टी आणि दोन माणसांमधला संवाद घ्या.

सांगणाऱ्याला मोबदला द्या. दिवसभराची मजुरी बुडवून तो तुमच्यासाठी बसलेला असतो. रक्कम आधी ठरवा, हातात द्या आणि हिशेबात 'भाषातज्ज्ञ मानधन' म्हणून दाखवा.

सावध: काही गाणी ठरावीक वेळीच म्हणायची असतात, काही सगळ्यांनी ऐकायची नसतात. विचारल्याशिवाय विधीची गाणी म्हणायला लावू नका. नकार आला तर 'विचारलं, नकार दिला' एवढं लिहा आणि पुढे चला.

## टप्पा ४: खांबाची जागेवरची नोंद

चारही बाजूंनी, वरून आणि बुंध्याशी असे फोटो घ्या. शेजारी मोजपट्टी आणि रंगपट्टी ठेवा. खांबाचं तोंड कोणत्या दिशेला आहे, जमिनीत किती खोल आहे, आजूबाजूला कुणाचे खांब आहेत, कोणत्या झाडाखाली आहे, हे साध्या नकाशावर काढा.

झिजलेलं कोरीव काम भर दुपारी दिसत नाही. सकाळी लवकर, ऊन तिरकं असताना किंवा अंधार पडल्यावर बॅटरी खांबाला अगदी चिकटून, बाजूने धरून फोटो घ्या. दुपारी जिथे सपाट करडं लाकूड दिसत होतं तिथे घोड्याच्या लगामाची रेघ उठते, स्वाराच्या पागोट्याचे वेढे मोजता येतात आणि वाकसाचे घाव कोणत्या बाजूने पडले तेही कळतं. बॅटरी चारही दिशांना फिरवत एकाच जागेवरून चार फोटो घ्या. कॅमेरा तिवईवर हवा.

त्रिमितीय प्रतिकृतीसाठी खांबाभोवती हळूहळू फिरत, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा किमान साठ-सत्तर टक्के भाग येईल असे फोटो काढा. तीन उंचींवरून तीन फेऱ्या पुरतात. ढगाळ हवा यासाठी चांगली.

कागद ठेवून पेन्सिलने ठसा घेणं टाळा. पोखरलेल्या लाकडाचा पापुद्रा त्या दाबानेही निघून येतो.

सावध: अचूक जागेचे आकडे नोंदवहीत ठेवा, फोटोसोबत इंटरनेटवर टाकू नका. चोरांना तेवढं पुरतं. मोबाइलमधली फोटोला जागा जोडण्याची सोय सार्वजनिक प्रतीतून काढून टाका.

## टप्पा ५: खांब काढणं आणि नेणं

योग्य वेळ म्हणजे दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत. पावसाळ्यात लाकूड पाणी पिऊन जड आणि मऊ झालेलं असतं. भर उन्हाळ्यात माती दगडासारखी होते.

1. सुटे होऊ पाहणारे तुकडे आधी सुती पट्टीने सैल बांधा. पडलेले तुकडे स्वतंत्र कागदी पाकिटात ठेवा, पाकिटावर जागा लिहा.
2. खांबाला तीन बाजूंनी टेकू द्या. मगच खणायला लागा.
3. खांबापासून हातभर अंतर सोडून गोल खणा आणि आत या. खांब हलवून, पिळून, दोरीने ओढून काढू नका. बुंधा सर्वांत कुजलेला असतो, तो तिथेच तुटतो.
4. बुंधा कापू नका. खणायचा कंटाळा म्हणून जमिनीलगत करवत चालवणं म्हणजे खांबाची खोली, मातीचे थर, काळ आणि कुजण्याचा इतिहास एका मिनिटात फेकून देणं.
5. बुंध्याची मूठभर माती पाकिटात ठेवा.
6. खांबापेक्षा लांब फळीवर जाड गोधड्या अंथरा, खांब आडवा करून त्यावर ठेवा. दोर फळीला बांधा, खांबाला नाही. नक्षीवर दोर येता कामा नये.
7. धुतलेल्या मांजरपाटात गुंडाळा. प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेला खांब चार तासांच्या प्रवासात घाम धरतो आणि त्यावर बुरशी चढते.

तपासा: गाडी निघण्याआधी ठरावाची प्रत, वनविभागाचा कागद आणि कुटुंबातला एक माणूस सोबत आहे का?

## टप्पा ६: विलग खोली

थेट दालनात न्यायचा नाही. एक वेगळी खोली, दार बंद होणारी, जिथे दुसरं लाकूड, कागद किंवा कापड नाही.

खांब लाकडी ठोकळ्यांवर आडवा ठेवा. खाली काळा कागद अंथरा. दर दोन दिवसांनी बघा: कागदावर ताजं पिवळसर पीठ पडलं असेल तर आत भुंगेऱ्याची अळी जिवंत आहे. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी. जुनी भोकं काळपट, नवी भोकं फिकी असतात.

वाळू द्यायचं ते सावकाश. उन्हात ठेवू नका, पंखा थेट सोडू नका, हीटर तर नाहीच. बाहेरचं लाकूड आधी आकसतं, आतलं ओलं राहतं आणि नक्षीच्या मधोमध उभी चीर पडते. ओलावा मोजायचं यंत्र असेल तर त्याच्या सुया खांबाच्या मागच्या बाजूला टोचा.

जिवंत कीड असेल तर:

- लहान सुटे तुकडे, पूर्ण कोरडे असतील तरच, पिशवीत हवाबंद करून उणे २० अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या.
- पूर्ण खांबासाठी प्राणवायू काढून घेतलेला तंबू लागतो, आत ०.३ टक्क्यांहून कमी प्राणवायू आणि किमान तीन आठवडे. हे घरचं काम नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं संवर्धन केंद्र किंवा लखनौची राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळा यांच्याशी बोला. फोटो पाठवून सल्ला विचारला तरी अर्धी चूक टळते.

सावध: रॉकेल, डीडीटी, गॅमेक्झिन, शेतीची फवारणी, यातलं काहीही लावू नका. अमेरिकेतल्या संग्रहालयांनी जुन्या काळी आर्सेनिक आणि डीडीटी लावलेल्या वस्तू नंतर आदिवासी समाजांना परत केल्या तेव्हा त्या हातात घेणंच धोक्याचं झालं. तुमच्याकडेही उद्या कुणीतरी या खांबाला हळद-कुंकू लावायला येईल, कपाळ टेकेल.

## टप्पा ७: साफसफाई, म्हणजे फारसं काही न करणं

मऊ ब्रश, दुसऱ्या हातात कमी जोराचा व्हॅक्यूम आणि त्याच्या तोंडावर जाळी. एवढीच सामग्री. सुटी धूळ आणि कोळिष्टकं निघाली की थांबा.

पाणी, साबण, सँडपेपर, जवसाचं तेल, खोबरेल, व्हार्निश, फेव्हिकॉल, लाकडाचा भुसा भरणं, नवा रंग, सगळं बंद. तेल लावलेलं लाकूड पहिला महिना छान दिसतं, मग धूळ धरून काळं आणि चिकट होतं. ते पुन्हा काढता येत नाही.

हळद, कुंकू, शेंदूर, तुपाचे डाग, कोंबडीचं पीस ही घाण नाही. ती खांबाची नोंद आहे. काय काढायचं आणि काय ठेवायचं, हे कुटुंबाला विचारून ठरवा. लाकूड हाताला भुग्यासारखं लागत असेल तर ते घट्ट करायचं काम प्रशिक्षित संवर्धकाचं आहे.

## टप्पा ८: उभा करणं

यात फार गुंतागुंत नाही, पण सिमेंट टाळा. सिमेंट ओलावा शोषतं, बुंध्याला देत राहतं आणि खांब पुन्हा काढायची वेळ आली तर तो फोडूनच काढावा लागतो. जमिनीपासून वीतभर उंच बैठक करा. खांबाच्या मागे स्टेनलेस स्टीलचा आधार लावा, आणि जिथे धातू लाकडाला टेकतो तिथे पॉलिइथिलीन फोम. भार बुंध्यावर नको, आधारावर हवा. लाकडात एकही स्क्रू जायचा नाही.

पावसाची झड येणारी बाहेरची भिंत आणि खिडकी टाळा. रंगाच्या खुणा असतील तर प्रकाश दीडशे-दोनशे लक्सच्या (उजेड मोजायचं एकक) आत ठेवा.

दमटपणाबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवा: आकड्यापेक्षा चढउतार वाईट. कार्यालयाच्या वेळेत एसी लावून संध्याकाळी बंद करणारं दालन खांबाला रोज ताणतं आणि सोडतं. चोवीस तास चालवता येत नसेल तर एसी नकोच. जाड भिंती, बंद दारं, पावसाळ्यात कमी उघडझाप, आणि तापमान-दमटपणा नोंदणारं छोटं यंत्र खांबाजवळ ठेवा.

## टप्पा ९: कागद, कॅसेटी आणि जुने फॉन्ट

गावातल्या शिक्षकाच्या वह्या, एखाद्या कार्यकर्त्याने नव्वदच्या दशकात भरलेल्या कॅसेटी, सीडीवरचं बोलीतलं वाचनपुस्तक, हे सगळं खांबाइतकंच नाजूक आहे आणि खांबापेक्षा लवकर जातं.

वह्या. टाचण्या, स्टेपल आणि रबरबँड काढा. सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर कधीच करू नका. फाटलेलं पान तसंच आम्लमुक्त कागदाच्या फोल्डरमध्ये ठेवा. स्कॅन ४०० डीपीआय, रंगीत, टिफ प्रकारात. कोरं पानही स्कॅन करा, मुखपृष्ठाचा आतला भागही. तिथेच अनेकदा गावाचं नाव आणि तारीख असते.

कॅसेटी. वाजवण्याआधी हा क्रम पाळा:

1. वरच्या कडेच्या दोन छोट्या प्लॅस्टिकच्या खुट्ट्या तोडा. आता चुकून त्यावर मुद्रण होणार नाही. हे न करता वाजवलेल्या कॅसेटीवर लाल बटण दाबलं गेलं की आजीच्या गाण्याच्या मधोमध खोलीतल्या पंख्याचा आवाज कायमचा बसतो.
2. उघड्या बाजूने आत बघा. फितीच्या मागे तांब्याच्या पट्टीवर नमद्याचा बारीक तुकडा असतो. तो गळून पडला असेल तर आवाज दबका येतो आणि लोक फीत खराब झाली असं समजतात. फीत नव्या कवचात बसवली की आवाज परत येतो.
3. पांढरी भुकटी किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. ती कॅसेट वाजवू नका, वेगळी पिशवी करा, तज्ज्ञाकडे द्या.
4. टेपचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, प्रत्येक दोन कॅसेटींनंतर.
5. कॅसेट एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवा, मग वाजवा.
6. वाजवताना आवाज खोल, ब्लँकेटखालून आल्यासारखा वाटला तर हेडचा कोन स्क्रूने थोडा फिरवून सर्वांत तल्लख आवाज शोधा.
7. मूळ प्रत २४ बिट, किमान ४८ किलोहर्ट्झ, वेव्ह. त्यावर खरखर काढायचा प्रयोग करू नका. तो वेगळ्या प्रतीवर.

जुने फॉन्ट. आपल्याकडचा मोठा गोंधळ इथे आहे. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव, डीव्हीबी-टीटी अशा फॉन्टमधल्या फाइली उघडल्या की रोमन अक्षरांची भेळ दिसते, आणि 'फाइल खराब झाली' म्हणून त्या पुसल्या जातात. पुसू नका. मूळ फाइल, तिचा फॉन्ट आणि ती बरोबर दिसणाऱ्या जुन्या संगणकावरून काढलेली पीडीएफ, या तिन्ही एकत्र ठेवा. मग युनिकोडमध्ये (कोणत्याही संगणकावर सारखी दिसणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) बदला आणि माणसाकडून वाचून घ्या. 'कुऱ्हाड', 'तऱ्हा', रफार, पाय मोडलेली अक्षरं आणि चंद्रबिंदू यांत बदल करणारी सॉफ्टवेअर हमखास चुकतात. मराठी मजकूर असेल तर चूक डोळ्यांना दिसते. कोरकू मजकुरात ती चूक शब्द म्हणूनच कोशात जाते. म्हणून वाचणारा कोरकू भाषकच हवा. गडचिरोलीकडच्या गोंडीसाठी मसराम गोंडी आणि गुंजाळा गोंडी या दोन्ही लिप्या २०१७ आणि २०१८ पासून युनिकोडमध्ये आहेत. मूळ मजकूर त्या लिपीत असेल तर देवनागरी रूप सोबत ठेवा, पण मूळच्या जागी ठेवू नका.

## टप्पा १०: एक क्रमांक, तीन प्रती, प्रत्येकाचा हक्क

खांबाला जो नोंदक्रमांक द्याल तोच त्याच्या मुद्रणांना, फोटोंना, संमतीपत्रांना आणि मातीच्या पाकिटाला उपक्रमांक लावून द्या. खांब एका रजिस्टरमध्ये आणि आवाज दुसऱ्या विभागाच्या पेन ड्राइव्हमध्ये असेल, तर पाच वर्षांत दोन्ही एकमेकांना ओळखत नाहीत. फाइलच्या नावात रोमन अक्षरं आणि आकडे वापरा, मोकळी जागा सोडू नका: आधी वर्ष, महिना, दिवस, मग गावाचा संकेत, मग क्रमांक.

प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी. प्रत्येक फाइलची चेकसम (फाइलवरून संगणकाने काढलेला ओळख-आकडा, फाइल बदलली की तोही बदलतो) काढून ठेवा आणि वर्षातून एकदा ताडून बघा. हार्ड डिस्क चालते आहे म्हणजे आतली फाइल शाबूत आहे, असं नसतं.

कुणाला काय ऐकता येईल, हे स्तर ठरवा: सगळ्यांना, फक्त गावाला, फक्त कुटुंबाला. ब्रिटिश कोलंबियातल्या मूळ समाजांची फर्स्टव्हॉइसेस ही भाषासंग्रह-सेवा २००३ पासून चालू आहे. तिथेही काय खुलं ठेवायचं आणि काय आपल्यापुरतं, हे प्रत्येक समाज स्वतः ठरवतो. तुमच्याकडे सॉफ्टवेअर नसलं तरी साध्या तक्त्यात 'कुणासाठी' असा एक रकाना करता येतो. तो रिकामा असेल तर फाइल बंद समजायची.

गावाची प्रत गावाला द्या. बहुतेक घरांत संगणक नसतो, म्हणून मोबाइलच्या मेमरी कार्डवर एमपी३ करून, आणि सोबत फोटोंचा एक छापील अल्बम. एक प्रत शाळेत, एक कुटुंबाकडे.

पाटी आधी कोरकूत, मग मराठीत. पाटीवर कारागिराचं नाव, सांगणाऱ्याचं नाव (संमती असेल तर), गावाचं नाव, आणि खांब देणगी आहे की ठेवायला दिलेला, हे यावं. मजकूर छापण्याआधी गावात वाचून दाखवा.

## वर्षभराची कामं

- मे अखेर: छप्पर, पन्हळी, खिडक्या तपासा. खांबाखालचा काळा कागद बदला.
- जुलै-ऑगस्ट: दर आठवड्याला बुरशी बघा, विशेषतः मागच्या बाजूला आणि फोमच्या कडेला. दमटपणाच्या नोंदी उतरवून घ्या.
- ऑक्टोबर: ताजं पीठ, नव्या नळ्या, नव्या चिरा. मागच्या वर्षीच्या फोटोंशी त्याच कोनातून तुलना करा.
- डिसेंबर: फाइलींची चेकसम, तिन्ही प्रती उघडून ऐकणं.
- फेब्रुवारी: कुटुंबाला भेट. खांब पाहायला यायचं असेल तर गाडीभाडं संस्थेचं. संमतीत बदल करायचा आहे का, हे पुन्हा विचारायचं आणि उत्तर तारखेसह रजिस्टरमध्ये लिहायचं.